इलेक्ट्रॉन नेमका राहतो कोठे?

वडगाव मावळहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी यंदा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. लोकलने एक स्टेशन ओलांडून ती रोज तळेगावला जाते. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. शाळेत असताना ती अणूचे चित्र फार सुबक काढीत असे. मध्ये केंद्रक, भोवती गोल कडी आणि कड्यांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. गुणही पूर्ण मिळत. आता कॉलेजात सांगितले की ती कडी विसरा, इलेक्ट्रॉन कड्यावर नसतोच. 'मला विज्ञान झेपणार नाही, शाखा बदलून द्या' असा तिने घोशा लावला आहे. स्वतः सातवीपर्यंत शिकलेले वडील विचारतात, शाळेत मुलांना खोटे शिकवितात काय?

ताई, शाळेत अर्धे शिकविले होते. उरलेले अर्धे आता आले आहे, आणि ते कळायला जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तीस वर्षे लागली होती.

जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ साली. १९११ साली रदरफोर्ड यांनी दाखविले की अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात असते. हायड्रोजनचे केंद्रक फुगून आवळ्याएवढे झाले आणि तो आवळा वडगाव स्टेशनच्या फलाटावर ठेवला असे समजा. त्याचा इलेक्ट्रॉन साधारण सहाशे मीटरच्या अंतराने, पार गावात शोधावा लागेल!

मग तो ग्रहासारखा फिरत असेल, हा विचार सहज सुचतो. पण विद्युतभार असलेली वस्तू गोल फिरू लागली की ती प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा गमावते. त्या हिशेबाने सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच इलेक्ट्रॉन केंद्रकावर जाऊन आदळायला हवा. म्हणजे कोणताच अणू टिकणार नाही, आणि तुम्हीआम्हीही नाही. १९१३ साली नील्स बोर यांनी यावर मार्ग काढला. इलेक्ट्रॉनला काही ठरावीकच ऊर्जा घेता येतात, मधल्या घेता येत नाहीत, असे त्यांनी मांडले. प्रत्येक ऊर्जेला एक कडे. पुस्तकातील के, एल, एम ही कवचे तेथून आली. यातील ऊर्जेची बाजू आजही खरी आहे. कड्याची बाजू मात्र टिकली नाही.

१९२६ साली श्रोडिंगर यांनी आपले समीकरण मांडले. त्याच वर्षी माक्स बोर्न यांनी त्याचा अर्थ लावला : हे गणित इलेक्ट्रॉन कोठे आहे ते सांगत नाही, तो कोठे सापडण्याची शक्यता किती आहे ते सांगते. पुढच्या वर्षी हायझेनबर्ग यांनी दाखविले की त्याची जागा आणि वेग ही दोन्ही एकाच वेळी अचूक ठरलेली असूच शकत नाहीत. गोल कडे काढायचे तर दोन्ही ठरलेली हवीत. म्हणून कडे गेले. इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळत का नाही, याचेही उत्तर यातच आहे. त्याला जितके लहान जागेत कोंडावे तितकी त्याची धावपळ वाढते.

कड्याच्या जागी पुस्तकात आता 'ढग' आला आहे, आणि या शब्दाने मुलांचा घोटाळा होतो. म्हणून थोडे आकडे देतो. हायड्रोजनच्या अणूत बोर यांचे पहिले कडे केंद्रकापासून फार जवळ असते. एका मिलिमीटरचे सुमारे एक कोटी नव्वद लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढ्या अंतरावर. आता अगदी सारखे १०० अणू घेऊन प्रत्येकात इलेक्ट्रॉन कोठे सापडतो ते पाहिले, तर सरासरीने ३२ वेळा तो या अंतराच्या आत सापडेल आणि ६८ वेळा बाहेर. दुप्पट अंतराच्या आत ७६ वेळा, तिप्पट अंतराच्या आत ९४ वेळा. राहिलेल्या ६ वेळा त्याहूनही दूर. गंमत अशी की कोणत्या अंतरावर तो सर्वांत अधिक वेळा सापडतो असे विचारले, तर उत्तर बोर यांच्या कड्याचेच अंतर येते. म्हणजे जुने चित्र अगदीच वाया गेले नाही.

इलेक्ट्रॉन स्वतः चुरा होऊन पसरत नाही. सापडतो तेव्हा सबंध सापडतो, अर्धामुर्धा कधी नाही. ढग हा सापडण्याच्या शक्यतेचा नकाशा होय. या नकाशालाच कक्षक म्हणतात. एस कक्षक चेंडूसारखा गोल असतो. पी कक्षक डमरूसारखा, मधल्या कमरेशी केंद्रक आणि दोन्ही बाजूंना फुगवटे. काही शिक्षक फिरत्या पंख्याची उपमा देतात. मला ती पसंत नाही. पंख्याचे पाते प्रत्येक क्षणी कोठेतरी असतेच, आपल्या डोळ्यांना टिपता येत नाही इतकेच. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत, शास्त्रज्ञांच्या प्रचलित समजुतीप्रमाणे, मोजण्यापूर्वी जागा ठरलेलीच नसते.

जागा अशी सैल, पण ऊर्जेचा हिशेब मात्र पैन्‌पैचा. तो आपल्या स्वयंपाकघरात दिसतो. मीठ घातलेली डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. मिठातील सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन, २, ८, १ असे. तो शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन ज्योतीच्या उष्णतेने तिसऱ्या कवचातील एस कक्षकातून पी कक्षकात चढतो आणि परत उतरताना ठरावीक पिवळा प्रकाश टाकतो. तळेगावला १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. काचेतही सोडा असतो, त्यामुळे काच ज्योतीत धरली की हाच पिवळा रंग उमटतो.

या काटेकोरपणामुळे सूर्यावरचे मूलद्रव्यही ओळखता आले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या विजयदुर्गावरूनही गेली. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात पिवळी रेघ दिसली, पण ती सोडियमच्या जागी नव्हती, किंचित बाजूला होती. इलेक्ट्रॉन असा हिशेब चुकवीत नाही. तेव्हा हे मूलद्रव्यच निराळे होते. तेच हेलियम. पृथ्वीवर ते १८९५ साली रॅम्से यांना सापडले. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून लॉकियर साहेबांनी तेथूनच ही रेघ पाहिली असे सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये पाहिली.

वडिलांना एवढेच सांगणे आहे की शाखा बदलण्याचा अर्ज सहामाहीपर्यंत करू नये. मुलीने प्रथम एस आणि पी यांचे आकार व इलेक्ट्रॉन भरण्याचा क्रम पक्का करावा. कडी पाठ होती, तर हेही होईल. आणि एका संध्याकाळी घरी, ओढणी आवरून आणि मोठ्या माणसाला जवळ ठेवून, लांब दांड्याचा चमचा मिठाच्या पाण्यात बुडवून गॅसच्या ज्योतीत धरावा. दिवे बंद करून ती ज्योत जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत पाहावी. उन्हात त्याच सीडीवर सातही रंग दिसतात. मिठाच्या ज्योतीत पिवळाच उठून दिसेल.