ह्यूगोची मतमोजणी

विज्ञानकथांच्या जगात 'ह्यूगो'ला जे स्थान आहे, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या पुरस्काराच्या वाट्याला आले असेल. १९५३ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे विजेते पंडितांची समिती निवडत नाही. त्या वर्षीच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे, म्हणजेच 'वर्ल्डकॉन'चे सभासदत्व घेणाऱ्या कोणाही वाचकाला मताधिकार असतो. ही वाचकशाही कितपत भरवशाची, हा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील चेंगडू येथे भरलेल्या वर्ल्डकॉनने उभा केला.

आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल' या गाजलेल्या कादंबरीला त्याच वर्षी लेखकांच्या संघटनेचा 'नेब्युला' मिळाला होता. ती ह्यूगोच्या अंतिम यादीतही नव्हती, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. संस्थेच्या घटनेनुसार संमेलनानंतर ९० दिवसांत मतांचे तपशीलवार आकडे जाहीर करावेच लागतात. चेंगडूचे आकडे मुदत संपता संपता, २० जानेवारी २०२४ रोजी बाहेर आले आणि घोळ उघड झाला. 'बेबल'ला पुरेशी नामांकने मिळाली होती. पण पुढे 'अपात्र' असा शेरा होता. लेखक शिरन जे झाओ, समीक्षक पॉल वाइमर आणि नील गेमन यांच्या कथांवरील 'द सँडमन' मालिकेचा एक भाग यांच्यापुढेही तोच शेरा. कारण एकाचेही दिलेले नव्हते.

फेब्रुवारीत आयोजकांचा अंतर्गत ई-मेल व्यवहार फुटला. चीनच्या दृष्टीने 'संवेदनशील' ठरेल असे लेखन वा वक्तव्य कोणाच्या नावावर आहे, याची टिपणे काढली गेली होती आणि ती काढणारे अमेरिका-कॅनडातील स्वयंसेवक होते. वाइमर तिबेटला जाऊन आल्याची नोंद त्यात होती. प्रत्यक्षात ते नेपाळला गेले होते! चिनी सरकारने आदेश दिल्याचा पुरावा या पत्रव्यवहारात नाही, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे. कोणी न सांगताच कात्री चालवली गेली, असे म्हणावे लागते. आपल्याकडे १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली होती. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. चेंगडूत मात्र कथा बाजूला राहिली आणि नावेच तपासली गेली.

ह्यूगोवर संकट यापूर्वीही आले होते. २०१५ मध्ये 'पपीज' म्हणवणाऱ्या गटांनी ठरवून नामांकने भरली. तेव्हा सुमारे सहा हजार सभासदांनी मतदान करून पाच विभागांत 'कोणालाही पुरस्कार नको' असा कौल दिला. त्याच वर्षी लिउ सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ने बाजी मारली. ह्यूगो मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. पुढे गटबाजीचा प्रभाव घटावा म्हणून नामांकने मोजण्याची पद्धतही बदलली गेली. हा सारा बंदोबस्त मतदारांमधील कंपूंसाठी होता. मोजणाऱ्यांनीच नावे वगळली तर काय, याचा विचार झालेला नव्हता. वर्ल्डकॉन दर वर्षी नवी समिती भरवते आणि त्या वर्षीचे पुरस्कार तिच्याच हाती असतात. तिच्या निर्णयाविरुद्ध दाद मागावी अशी वरिष्ठ यंत्रणाच नाही. चेंगडू प्रकरणी पुरस्कारप्रमुखांची औपचारिक निर्भर्त्सना झाली, निकाल मात्र तसेच राहिले.

पुढच्या वर्षी ग्लासगोच्या समितीने वेगळा मार्ग धरला. एका स्पर्धकासाठी पडलेली ३७७ मते बनावट नावांची असल्याचे आढळले. प्रमाण एकूण मतांच्या सुमारे दहा टक्के, आणि सभासद शुल्काचा हिशेब केला तर खर्च जवळपास १७ हजार पौंड. समितीने ती मते बाद केली आणि त्याची कारणे निकालापूर्वीच, जुलै २०२४ मध्ये जाहीर केली. त्या स्पर्धकाला याची कल्पना होती असा पुरावा नाही, हेही तिने सांगितले व नाव गुप्त ठेवले. मते बाद करण्याचा अधिकार चेंगडूनेही वापरला होता. ग्लासगोने तो उघड्यावर वापरला, हा फरक लहान नाही.

चेंगडूत ज्यांना पुरस्कार मिळाले, त्यांची कोंडी मात्र सुटलेली नाही. त्यांनी काहीही गैर केलेले नव्हते, पण आपण नक्की कोणाला हरवले हे त्यांना कधीच कळणार नाही. सर्वोत्कृष्ट मालिकेचा पुरस्कार मिळालेले एड्रियन चायकोव्स्की यांनी २०२४ मध्ये, आपण यापुढे स्वतःला त्या वर्षीचे ह्यूगो विजेते म्हणवून घेणार नाही, असे जाहीर केले.