पाकिटावरचे लेबल हीच परदेशात आपली जबान

खारी, टोस्ट, नानकटाई, जिरा बटर. या मालात आपल्या बेकरीवाल्या बांधवांचा हात धरणारा कोणी नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खोटे नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांना आजही या चवीची ओढ आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा आता विलायतेचा दरवाजा उघडला असे वाटणे साहजिक आहे. पण करार जकात कमी करतो. पाकिटात काय असावे आणि पाकिटावर काय छापावे, याचे नियम तो कमी करीत नाही.

आपल्याकडे लेबल हे शेवटचे काम समजले जाते. माल तयार झाला, पाकीट ठरले, की मग छापखान्याकडे धाव. कित्येकदा दलाल सांगतो, "शेठ, तुम्ही फक्त माल द्या, तिकडची चिकटपट्टी आम्ही लावू." आमच्या मते खरा धोका इथेच आहे. चिकटपट्टी लावणाऱ्याने तुमची भट्टी पाहिलेली नसते.

ब्रिटनच्या नियमांत ॲलर्जी करणाऱ्या १४ पदार्थांची यादी आहे. त्यांतले गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम-पिस्ते, तीळ आणि सोयाबीन हे तर बेकरीत रोजचेच. हे पदार्थ घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत, इंग्रजीत दाखवावे लागतात. घटकही वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मार्गारिनमध्ये सोयाचे लेसिथिन असेल तर तेही लपवता येत नाही.

हा कागदी छळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एक घटना लक्षात ठेवावी. २०१६ साली नताशा एडनान-लापेरूज ही १५ वर्षांची मुलगी लंडनच्या विमानतळावर घेतलेले सँडविच खाऊन दगावली. त्या पावाच्या पिठातच तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. दुकानातच बनवून बांधलेल्या मालाला तेव्हा पूर्ण लेबलाची सक्ती नव्हती. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला आणि ती सूट संपली. आता आपण आपल्या भट्टीकडे पाहावे. ज्या ट्रेवर सकाळी तिळाची खारी निघाली, त्याच ट्रेवर दुपारी साधी खारी निघते. मग 'साधी' हा शब्द खरा राहतो काय?

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. २०२० साली भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साईड हे तिथे बंदी असलेले रसायन सापडले. मग युरोपभर तीळ घातलेला माल दुकानांतून परत घ्यावा लागला. त्यात पाव आणि बिस्किटेही होती. भाजणाऱ्याचा दोष नव्हता, तरी माल त्याचाच गेला. कोणत्या पोत्यातले तीळ कोणत्या दिवशीच्या मालात गेले याची वही ज्याच्याकडे असते, त्याचा तेवढाच माल परत येतो. ज्याच्याकडे नसते त्याचा सगळाच.

रंगाचेही तसेच. टार्ट्राझिन, सनसेट यलो हे रंग आपल्याकडे चालतात. ब्रिटनमध्ये ते घातले, तर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो, असा इशारा पाकिटावर छापावा लागतो. असा इशारा वाचून कोणती आई ते पाकीट उचलेल? भाजणीकडेही लक्ष हवे. माल जास्त लाल भाजला की ॲक्रिलामाईड वाढते. बिस्किटांसाठी त्याची खूणपातळी किलोमागे ३५० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली तर कृती तपासून सुधारावी लागते. सोनेरी रंगावर ट्रे काढणे आणि अमोनियाऐवजी खाण्याचा सोडा वापरणे, हे उपाय कारागिराच्याच हातात आहेत.

काही बांधव म्हणतात, "हलालचा शिक्का आहे, आणखी काय पाहिजे?" हलाल प्रमाणपत्र तिथे खासगी संस्था देतात, आणि चरबी, जिलेटीन, एसेन्समधले अल्कोहोल यांबद्दल ग्राहकाची खात्री पटवण्यासाठी ते जरूर घ्यावे. पण ते तीळ-शेंगदाण्यांचा खुलासा करीत नाही. दोन्ही हवेत.

लहान बेकरीवाल्याला हे परवडेल कसे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की दहा माल घेऊन जाऊ नका, एकच घेऊन जा. तीळ नाहीत, मेवा नाही, रंग नाही, अशी एक खारी निवडा. चार-पाच बेकऱ्यांनी एकत्र यावे, एकच कृती आणि एकच तेल-तूप ठरवावे, प्रयोगशाळेचा खर्च वाटून घ्यावा. तूप, लोणी किंवा दूध पावडर घालणार असाल, तर प्राणिजन्य पदार्थांच्या नियमांबद्दल आयातदाराकडून आधी लेखी उत्तर घ्या. पाकिटावर त्याचाही पत्ता छापला जातो, म्हणजे उद्या तिथला अधिकारी आधी त्याला विचारील आणि तो तुम्हाला. इकडे आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा परवाना आणि अपेडाची नोंदणी स्वतःच्या नावावर करा, दलालाच्या नव्हे.

मोहल्ल्यातले गिऱ्हाईक आपल्याला ओळखते. शंका आली तर गल्ल्यावर येऊन विचारते, आणि आपण खरे काय ते सांगतो. हजारो मैलांवरच्या गिऱ्हाईकाला विचारण्याची ती सोय नाही. त्याच्यासाठी पाकीट हाच आपला गल्ला आणि लेबल हीच आपली जबान. ती दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पीठ मळायला घेण्याआधी लेबल लिहायला बसावे, आणि जे लिहिले तेच पिठात घालावे. व्यापारातली बरकत याच सचोटीत आहे, असे आम्हाला वाटते.