‘आपल्यात कुणी पीत नाही’ हे वाक्य आता पुरे

“हमारे में कोई पीता नहीं.” एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी ब्रदर म्हणून रात्रपाळ्या करतो आणि हे वाक्य मला पाठ झालं आहे. म्हणणारी कधी आई असते, कधी मोठा भाऊ, कधी मोहल्ल्यातून मदतीला धावून आलेला कार्यकर्ता. स्ट्रेचरवरच्या पोराच्या तोंडाचा वास मात्र टाके घालणाऱ्या डॉक्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना आलेला असतो. मग केसपेपरवर काय लिहायचं यावर हुज्जत. पोराची जखम बाजूलाच राहते, खानदानाची अब्रू आधी शिवावी लागते.

दुसरी बाजूही तितकीच वाईट. केसपेपरवर मुसलमान नाव दिसलं की दारूचा प्रश्नच गाळणारे कर्मचारी मी पाहिले आहेत. ‘यांच्यात चालत नाही ना’ हा त्यांचा समज. आणि वास आलाच तर ‘तुमच्या धर्मात हराम ना रे?’ असा टोमणा. आपण लपवतो, ते गृहीत धरतात. दोघांच्या मधे पोरगा टाके घालून, इंजेक्शन घेऊन पहाटे घरी जातो. त्याच्याशी दारूबद्दल माणसासारखं कुणीच बोललेलं नसतं.

या लपवालपवीची किंमत काय, तेही ऐका. रोज पिणारा माणूस हाड मोडून दाखल झाला आणि घरच्यांनी दारू लपवली, तर रुग्णालयात त्याची दारू अचानक तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येते, नसलेली माणसं दिसू लागतात. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे आणि आधी कळली तर औषधांनी सांभाळता येते. पण घरचे म्हणतात, ‘कुछ बाहर का असर है’, आणि ताईत आणायला माणूस पाठवतात. डोक्याला मार लागलेल्याची गुंगी मारामुळे की दारूमुळे, भूल किती द्यायची, हेही खऱ्या उत्तरावर अवलंबून असतं. अब्रूसाठी डॉक्टरला खोटं सांगणं म्हणजे आपल्याच माणसाच्या जिवाशी खेळणं आहे.

आता मूळ मुद्दा. दारू पिणारे सगळे व्यसनी नसतात. महिन्यातून चार-पाचदा मित्रांबरोबर भरपूर पिऊन बाइक चालवणारा चोवीस वर्षांचा मुलगा व्यसनी नाही, पण तो मरू शकतो, दुसऱ्याला मारू शकतो. अशांसाठी जगभर एक साधा उपाय वापरला जातो : तिथेच, कॅज्युअल्टीत, नशा उतरल्यावर पाच ते तीस मिनिटांचं बोलणं. आधी काही ठरलेले प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी त्यासाठीच आहे. किती वेळा पितोस, एका बैठकीत किती, पिण्यामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा झाली का? ४० पैकी ८ किंवा अधिक गुण म्हणजे धोका. मग परवानगी मागायची : “याबद्दल थोडं बोललं तर चालेल?” त्याचे गुण त्याला सांगायचे. आजच्या जखमेचा दारूशी काही संबंध वाटतो का, हे त्यालाच विचारायचं. पिणं बदलायची तयारी १ ते १० मध्ये किती? तो ४ म्हणाला, तर “४ च का?” असं हिणवायचं नाही. “२ का नाही म्हणालास?” असं विचारायचं. मग तो स्वतःच कारणं सांगू लागतो : अम्मी रडते, नोकरी जाईल, लग्न ठरलंय. शेवटी पुढचं पाऊल त्यानेच ठरवायचं. यात प्रवचन नाही, धमकी नाही.

याने फरक पडतो का? अमेरिकेतल्या सिएटलच्या ट्रॉमा सेंटरमधला १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. ७६२ जखमी रुग्ण. अर्ध्यांशी साधारण अर्धा तास बोलणं आणि महिन्याने एक पत्र. वर्षभराने बोलणं झालेल्यांची दारू आठवड्याला सरासरी २२ ड्रिंकच्या आसपास घटली होती, बाकीच्यांची सुमारे ७. त्यानंतर २००६ पासून अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या ट्रॉमा सेंटरना ही सोय ठेवणं बंधनकारक झालं. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात कॅज्युअल्टीतून समुपदेशकाकडे पाठवलेले रुग्ण सहा महिन्यांनी नुसतं पत्रक मिळालेल्यांपेक्षा कमी पीत होते आणि पुढच्या वर्षभरात कॅज्युअल्टीतही कमी वेळा आले.

सगळेच अभ्यास इतके गोड नाहीत. इंग्लंडमधल्या ९ कॅज्युअल्टींत झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस मिनिटांचं समुपदेशन साध्या पत्रकापेक्षा सरस ठरलं नाही. विरोधक हा अभ्यास नेहमी पुढे करतात. पण तिथे प्रत्येक गटातल्या रुग्णाला दारूबद्दल विचारलं गेलं होतं, काहीतरी हातात दिलं गेलं होतं. आपल्याकडे तेवढंही होत नाही. लांबलचक भाषणाचा आग्रह सोडा, एवढाच त्याचा धडा मी घेतो.

‘हे गोऱ्यांचं झालं, आपल्याकडे तज्ज्ञ कुठून आणणार?’ शेजारी गोव्यात बघा. संगाथ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून समुपदेशन करवलं. जास्तीत जास्त चार बैठका, ३७७ पुरुष. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. ते काम कॅज्युअल्टीतलं नव्हतं, पण हे बोलायला एमडीची पदवी लागत नाही हे त्यातून सिद्ध झालं. आणि गरज किती? केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पूर्ण व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते.

आता आपल्यातला आक्षेप. ‘जे हराम आहे त्याबद्दल कमी पी म्हणणं म्हणजे परवानगी देणंच.’ असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना मी अदबीने विचारतो : दारूबंदीचा हुकूम एका दिवसात आला का? आधी नफ्यापेक्षा गुनाह मोठा असल्याचं सांगितलं गेलं, मग नशेत नमाजला उभं राहण्याची मनाई झाली आणि त्यानंतर पूर्ण बंदी आली, हा क्रम मदरशातला लहान मुलगाही सांगेल. पुन्हा पुन्हा पिताना सापडलेल्या एका माणसाला कुणी लानत दिली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला अडवलं, ही हदीस बुखारीत आहे. मग लानतीची घाई आपल्यालाच का? आणि ध्येय रुग्णाने ठरवायचं असल्यामुळे ‘आजपासून बंद’ म्हणणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण जो आज फक्त ‘पिऊन गाडी चालवणार नाही’ एवढंच म्हणतो, त्याला हाकलून दिलं तर तो मशिदीत येणार नाही, बारमध्येच जाईल.

भीती खरी आहे, हे मान्य. पिऊन गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम लागतं, अपघात विमा नशेच्या कारणावरून नाकारला जातो. म्हणून मागणी स्पष्ट हवी. रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाशी खेळणाऱ्याला कायदा लागलाच पाहिजे, पोलिसांची रक्ततपासणी वेगळी चालू द्या. पण समुपदेशनातली उत्तरं एमएलसीच्या कागदावर जाता कामा नयेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, रात्रपाळीतसुद्धा, प्रशिक्षण घेतलेला एक माणूस हवा. प्रश्न प्रत्येक जखमीला विचारले जावेत, नाव बघून नाही. आणि विचारताना नातेवाईक पडद्याबाहेर, कारण अब्बांसमोर खरं कुणी बोलत नाही.

उरलेलं काम तुमचं आहे, मित्रांनो. जखमी दोस्ताला घेऊन तुम्हीच येता, घरच्यांच्या आधी तुम्हीच पोहोचता. डॉक्टरांना खरं सांगा : काय प्यायला, किती, कधीपासून. रोजचं पिणं असेल तर ते एकदम बंद करायला भाग पाडू नका, डॉक्टरकडे न्या किंवा १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन लावा. मोहल्ल्यात रक्तदान शिबिर घेता, त्याच मांडवात पुढच्या वेळी एक टेबल या दहा प्रश्नांसाठी मांडा. बदनामी होईल म्हणून कुणी अडवलं, तर त्याला रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत घेऊन या. स्ट्रेचरवर कुणाची मुलं असतात, ते त्याने स्वतःच बघावं.