भिवंडीची 'बनगरवाडी' कोण लिहिणार?

१९५५ हे साल पुणे आकाशवाणीचं नाव निघालं की गीतरामायणासाठी आठवतं. त्या वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, गदिमांचं त्यातलं पहिलं गीत प्रसारित झालं आणि पुढं वर्षभर लोक रेडिओभोवती जमत राहिले. त्याच साली गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण विभागात नोकरीला लागले. आणि त्याच साली त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी पुस्तकरूपानं आली.

रेडिओवरचा माणूस खेड्यावर कादंबरी लिहितो म्हटलं की साहित्यातल्या मंडळींच्या भुवया आजही वर जातात. आवाजाच्या ओळखीवर पुस्तक खपवायचा हा प्रकार, असं म्हणून विषय मिटवला जातो. मराठीचा अनुभव मात्र वेगळं सांगतो. ग्रामीण कादंबरीला लागणारं भांडवल म्हणजे कान, आणि रेडिओत पोट भरायचं तर तोच शाबूत ठेवावा लागतो.

माडगूळकरांकडं हा कान नोकरीआधीच होता. 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं होतं. शाळेतलं शिक्षण बेताचं, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले, हातात चित्रकला. पण आकाशवाणीत त्यांना रोजचं काम मिळालं ते शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत काही सांगण्याचं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, प्रश्न उलटटपाली केंद्राला कळवायचे. पुढं देशभर अशी मंडळं निघाली, त्याचं मूळ या प्रयोगात आहे. ग्रामीण कार्यक्रमानं लोकांचं ऐकूनही घ्यायचं असतं, ही समज त्या काळच्या पुणे केंद्राला होती.

तरीही रेडिओचा कार्यक्रम आणि कादंबरी यांच्यात एक मोठं अंतर राहतंच. कार्यक्रमाला शेवटी काहीतरी हाती द्यावं लागतं: सुधारित बियाणं, विहिरीचं कर्ज, लसीकरण. 'बनगरवाडी' असलं काही देत नाही. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो. सगळी वाडी राबून तालीम बांधते, तिच्यासाठी राजा वस्तीवर येतो. इथं कार्यक्रम टाळ्यांत संपला असता. कादंबरी पुढं जाते, दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. वाडीतल्या शेकूला दुसरा बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको औताला खांदा देते. हा प्रसंग माडगूळकर जराही आवाज न चढवता सांगतात. ग्रामीण विभागात बसलेल्या माणसानं खेड्याला उपदेश करण्याचा मोह टाळला, हे या कादंबरीचं मोठेपण आहे.

शंकर पाटलांचंही तसंच. काही काळ पुणे आकाशवाणीत नोकरी केलेल्या या कथाकाराची 'टारफुला' ही पहिली कादंबरी १९६४ साली आली. श्रोते त्यांना विनोदी कथाकथनासाठी ओळखत. कादंबरीत मात्र त्यांनी पाटील गेल्यावर गावात पडणारी सत्तेची पोकळी घेतली आणि ती भरायला निघालेल्या माणसांचा निर्दय हिशेब मांडला. ज्या आवाजावर टाळ्या मिळत होत्या, तो त्यांनी बाजूला ठेवला.

हे सगळं भिवंडीत बसून आठवायचं कारण आहे. भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि दंगली एवढंच बाहेरच्यांना सुचतं. पण शहराच्या वेशीबाहेर पडलं की राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर, माणकोली, दापोडे ही गावं लागतात. एके काळी इथं भातशेती होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि महामार्गाला लागून असल्यानं इथं गोदामं उभी राहिली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. भिवंडीभोवतालच्या साठ गावांचं नियोजन एमएमआरडीएकडं गेलं. कुणी जमीन विकली, कुणी भाड्यानं दिली, कुणी वाटण्यांवरून कोर्टात गेलं. वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दर हंगामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दोन पिढ्यांत गावाचा धंदा, घर, भांडण, लग्न सगळं बदललं. एवढा ऐवज असूनही मराठी ग्रामीण कादंबरीच्या नकाशावर या पट्ट्याला फारशी जागा नाही.

इथली आगरी बोली मात्र गाजते आहे. विनायक माळी यांच्यासारख्यांच्या आगरी विनोदी व्हिडिओंना यूट्यूबवर लाखो प्रेक्षक आहेत. हळदीची गाणी राज्यभर वाजतात. पण आगरी बोली म्हणजे हशा, हे समीकरण त्यातून पक्कं होत चाललंय. सातबाऱ्यावरून भाऊबंदकी पेटते, गोदामाच्या दारात रखवालदारी करणारा माणूस काल त्याच जमिनीचा मालक असतो, तेव्हाही लोक आगरीतच बोलतात. ते बोलणं पुस्तकात आलं पाहिजे.

ते लिहिण्याची ताकद आज स्थानिक वाहिन्यांचे बातमीदार, आकाशवाणीचे नैमित्तिक निवेदक आणि यूट्यूबवरची पोरं यांच्यात आहे. ती रोज गावात जातात, माणसांना बोलतं करतात आणि दोन मिनिटांची बाइट घेऊन बाकीचं सोडून देतात. कादंबरीचा माल त्या सोडलेल्या बोलण्यात असतो. अडचण सवयीची आहे. माइकवाल्याला शांतता खटकते, गोष्ट लवकर संपवायची घाई असते, शेवटी निष्कर्ष सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. या सवयी मोडायला वर्षं लागतात. प्रकाशकांनीही ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबून कच्चं हस्तलिखित छापू नये. त्यावर संपादक बसवावा, दोनदा परत पाठवावं.

माडगूळकरांना १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'सत्तांतर'साठी, पण वाचक त्यांच्यापर्यंत आजही पोचतो तो 'बनगरवाडी'च्या वाटेनं. भिवंडी तालुक्यातल्या ज्या तरुणाच्या मोबाइलमध्ये गावातल्या म्हाताऱ्यांच्या तासन्‌तास मुलाखती पडून आहेत, त्यानं त्या पुसू नयेत. आधी सगळ्या पुन्हा ऐकाव्यात आणि मग लिहायला बसावं.