वेलीचे हात कुठे असतात?



"वेल लावली, शेजारी चांगला जाडजूड बांबूही रोवला, पण ती चढतच नाही. नुसती जमिनीवर लोळते!" बागेची आवड असलेल्या पुष्कळ मुलांची ही तक्रार असते. मग कोणी मूठभर खत जास्त घालतं, कोणी दिवसातून दोनदा पाणी. कोणी तर वैतागून वेल उपटूनच टाकतं. थांबा! वेल बिचारी चढायला तयारच असते. पण तुम्ही दिलेला आधार तिच्या हातात मावत नसेल तर ती काय करणार?

वेलीला हात? हो तर! पण प्रत्येकीचे वेगळे बरं का. गोकर्णीची वेल आपलं सगळं अंगच आधाराभोवती गुंडाळते. कारली, काकडी, दुधी यांना स्प्रिंगसारखे तणावे असतात. मनीप्लँट पेरापेरांतून मुळं काढतं आणि झाडाच्या खोडाला चिकटतं. आणि मोरवेल? तिची तऱ्हा सगळ्यांहून न्यारी. ती पानाच्या देठाने आधार धरते!

मोरवेल तुम्ही पाहिली असेल. पावसाळा सरला की सह्याद्रीच्या घाटांत झुडपांवर, कुंपणांवर ती पांढऱ्या फुलांनी भरून जाते. कोणी तिला रानजाईही म्हणतात. तिचं फूल जवळून पाहा. त्याला पाकळ्या नसतातच! आपल्याला पाकळ्या वाटतात ती निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पानं. पुढे बियांना पिसासारख्या शेपट्या फुटतात आणि त्या वाऱ्यावर भुर्रकन उडून जातात.

मोरवेलीच्या कुळाचं शास्त्रीय नाव क्लेमॅटिस. थंड देशांत तिच्या बहिणींना बागेत मोठा मान आहे. गडद जांभळ्या फुलांची 'जॅकमनी' ही जात इंग्लंडमधल्या वोकिंग गावी, जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून जन्मली. ती आजही हौसेने लावतात.

या वेलींनी चार्ल्स डार्विन यांनाही वेड लावलं होतं. आजारपणामुळे खोलीतच राहावं लागलं, तेव्हाही ते खोलीतल्या कुंडीतली हॉपची वेल न्याहाळत राहिले. तिचा शेंडा आधार शोधत गोल फिरत होता आणि उबदार हवेत साधारण दोन तासांत एक फेरी पुरी करत होता! क्लेमॅटिसच्या देठाला काडीने हलकेच घासलं, तर काही तासांत तो त्या बाजूला वाकतो, हेही त्यांनी पाहिलं. काडी हाती लागली की देठ तिला विळखा घालतो आणि मग जाड, टणक होतो. वेलींवरचं त्यांचं हे काम १८७५ साली पुस्तकरूपाने आलं.

आता तुम्हीच विचार करा. पानाचा देठ केवढासा! तो मनगटाएवढ्या बांबूला कसा कवेत घेणार? म्हणून क्लेमॅटिस लावायची असेल तर एवढं करा :

१) आधार पेन्सिलीपेक्षा जाड नको. सुतळी, तार, बारीक काड्या उत्तम. बांबू आधीच रोवला असेल तर त्याला सुतळीची जाळी बांधा.

२) 'डोकं उन्हात, पाय सावलीत' हा मंत्र पाठ करा. वेल उन्हात वाढू द्या, पण बुंध्याशी पालापाचोळा किंवा कौलाचा तुकडा ठेवा. मुळांना गारवा मिळतो.

३) माती ओलसर हवी, चिखल नको. कुंडीला भोक हवंच.

४) कोवळी वेल चटकन मोडते. ओढाताण करू नका. शेंडा खुडला तर फांद्या फुटतात.

५) हिचा रस कातडीला झोंबतो. पान तोंडात घालू नका आणि काम झालं की हात धुवा. छोट्या भावंडांवर आई-बाबांनी लक्ष ठेवावं.

मोठ्या फुलांच्या विलायती जाती आपल्या उकाड्यात फारशा रमत नाहीत. म्हणून महागडं रोप आणण्याचा हट्ट धरू नका. रानातली मोरवेलही मुळासकट उपटून आणू नका. तिथे तिचं घर आहे.

मग करायचं काय? गोकर्णीच्या चार बिया रात्रभर भिजवून कुंडीत पेरा. वेल वीतभर झाली की जवळ एक बारीक काडी रोवा. आता सुटीच्या दिवशी दर अर्ध्या तासाने शेंडा कुठे वळलाय ते बघा आणि कुंडीच्या काठावर खडूने खूण करा. शेंडा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो की उलटा? उत्तर मी मुळीच सांगणार नाही! वहीत तारीख, वेळ टाकून लिहून ठेवा.

आणि हो, पुढच्या वेळी एखादी वेल लोळताना दिसली, तर खताच्या पिशवीकडे धावण्याआधी तिचे हात कुठे आहेत ते शोधा. त्या हातांना पेलेल असा आधार द्या. मग बघा ती कशी सरसर चढते!