पळून गेलेली डोरथी आणि झिजलेले लाकूड

इंग्रजी विषय घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांनी हॅडन हॉल पाहिला आहे. फक्त नाव ठाऊक नसते. १९९६, २००६ आणि २०११ साली पडद्यावर आलेल्या 'जेन एअर'मध्ये थॉर्नफील्ड म्हणून जे दगडी घर दिसते, ते हेच. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, वाय नदीच्या काठी ते उभे आहे. मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर, आणि तिच्या धन्याचा वाडा तो मॅनर हाउस.

बाराव्या शतकात हे घर व्हर्नन घराण्याकडे आले. त्यांची कन्या डोरथी ही जॉन मॅनर्सबरोबर रात्री पळून गेली म्हणतात. लग्न झाले हे खरे, त्यामुळे वाडा मॅनर्स घराण्याकडे गेला हेही खरे. पलायनाची कथा मात्र एकोणिसाव्या शतकात रंगली. १८९२ मध्ये सलिव्हनने तिच्यावर ऑपेरा केला! कथा गोड आहे, पण तिने घर झाकून टाकले, ही माझी तक्रार आहे.

माझ्या मते हा वाडा धनी आणि चाकर यांच्यातील वाढत्या अंतराचा इतिहास आहे. चौदाव्या शतकातले भोजनदालन घ्या. धन्याचे मेज चौथऱ्यावर, इतरांची खाली. पण छप्पर एकच. दारू नाकारणाऱ्याचे मनगट तिथल्या लोखंडी कड्यात अडकवून ती त्याच्या बाहीत ओतीत, असे सांगतात. थट्टा दांडगी खरी, पण सर्वांदेखत! पुढे १५०० च्या सुमारास शेजारीच कुटुंबापुरती जेवणाची खोली झाली, तिचे छत रंगवले गेले. नंतर ११० फूट लांबीचे दालन बांधले. कशासाठी? तर पावसातही मालकांना फेऱ्या मारता याव्यात म्हणून! स्वयंपाकघर मात्र बोळापलीकडेच राहिले. तिथल्या लाकडावर चिरून-कापून पडलेले खळगे अजून दिसतात. ते पाडणाऱ्या हातांवर ऑपेरा कोण लिहिणार?

१७०० च्या सुमारास मालक दुसऱ्या वाड्यात राहू लागले आणि दोनशे वर्षे इथे नव्या हौसेचा पैसा पडला नाही. म्हणूनच हे खळगे वाचले. विसाव्या शतकात नवव्या ड्यूकने जीर्णोद्धार केला, तोही जुने रूप जपून.

मध्ययुगीन इंग्लंड शिकवताना राजांच्या सनावळीआधी या घराचा नकाशा फळ्यावर काढावा, असे मला वाटते. डोरथीची गोष्ट तास संपल्यावर सांगितली तरी चालेल.