दोन कर्जत आणि एक माळ

मुंबईचे आमचे साडू दर पावसाळ्यात फोन करतात आणि न चुकता म्हणतात, "कर्जतला राहता म्हणजे मजा आहे बुवा तुमची! धबधबे, धुकं, गरमागरम भजी!" आम्ही कर्जतला राहतो हे खरे, पण त्यांच्या डोळ्यांपुढे असते ते रायगड जिल्ह्यातले कर्जत. आमचे कर्जत नगरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला. इथे धबधबा नाही आणि धुके असलेच तर जानेवारीच्या पहाटे, ज्वारीच्या कणसांवर. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही आला तर.

साडूंचे जाऊ द्या. पण गेल्या पौषात माझा भाचाही तेच बोलला तेव्हा जरा लागले. चाकणला कारखान्यात नोकरीला आहे. नवी मोटारसायकल घेऊन चार दिवसांच्या सुट्टीवर आला होता. म्हणाला, "मामा, चला, एका दिवसात भीमाशंकर करून येऊ. जंगल तरी बघू. इथं काय आहे बघायला?"

भीमाशंकर म्हणजे जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर. माझ्या कमरेने आधीच नकार दिला होता. मी म्हटले, "एक दिवस मला दे. सव्वाशे किलोमीटरच्या आत तुला काहीतरी दाखवतो. नाही आवडले तर पुढच्या खेपेला भीमाशंकर, पेट्रोल माझे."

सकाळी सहाला निघालो. कानटोपी, मफलर, वर हेल्मेट असा माझा थाट. पहिला मुक्काम रेहेकुरी, गावापासून आठ-दहा किलोमीटरवर. १९८० साली काळविटांसाठी राखलेले हे अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे. भाचा जन्माने इथलाच, पण शाळेच्या सहलीनंतर इकडे फिरकला नव्हता. गाडी बाहेर लावून आम्ही चालत निघालो. मारवेल, पवन्या, कुसळी असे वाळून सोनेरी झालेले गवत, मधूनच बोर, हिवर, बाभूळ. पायजम्याला कुसळे चिकटत होती. चंडोल उभा वर चढत गात होता. आणि समोर, शंभर पावलांवर, कळप.

माद्या तांबूस पिवळ्या, गवतात मिसळून गेलेल्या. त्यांच्यामागे एक पूर्ण वाढलेला नर, पाठ काळीभोर, पोट पांढरेशुभ्र, पिळदार शिंगे मागे टाकून मान ताठ. आमची चाहूल लागताच एक मादी उभ्या उभ्या उडाली, मग दुसरी, मग सगळा कळपच जणू जमिनीला पाय न लावता निघून गेला. भाचा मोबाइल हातात धरून नुसता बघत राहिला. फोटो काढायचे राहून गेले.

बाहेर आलो तर बांधावर एक शेतकरी शेकोटी करून बसले होते. "पाव्हणं, हरणं बघाय आलाय व्हय? रात्री आमच्या रानात या, पन्नास दाखवतो." त्यांच्या बोलण्यात थट्टा होती आणि दुखणेही. हुरड्यात आलेली ज्वारी रात्रीतून तुडवली, खाल्ली जाते. थंडीत जागलीला बसावे लागते. मी विचारले, "मग हाकलून द्यावीत का सगळी?" ते थोडे थांबले. "तसं कसं? मुकं जनावर हाय. त्येला तरी दुसरीकडं गवत कुठं ऱ्हायलंय?"

माझ्या मते सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. आपल्याकडे माळाला किंमतच नाही. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक ठरली, आणि तो शिक्का पुसला गेलाच नाही. डोंगरावरचे जंगल तोडले तर चार माणसे ओरडतात. माळ नांगरला, खोदला, त्यावर भराव टाकला तर त्याला विकास म्हणतात. एवढेच कशाला, चांगल्या मनाने वृक्षारोपण करणारेही माळावरच खड्डे घेतात. राज्यातल्या कित्येक माळांवर गिरिपुष्पासारखी परकी झाडे लागली. झाड लावणे पुण्याचे खरे. पण जिथे गवतच नांदत आले तिथे दाट झाडी उभी केली की गवत मरते, आणि त्यावर जगणारा काळवीट, चंडोल, लांडगा आणि धनगराची मेंढरे, सगळ्यांचेच घर जाते.

माळढोकाचे काय झाले ते आठवा. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात आमचा कर्जत तालुकाही होता. पण त्या रेषेच्या आत अख्खी गावे, विहिरी, बागायती शेते आली. जमिनीच्या व्यवहारांपासून बांधकामापर्यंत निर्बंधांचा जाच झाला आणि लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल माया उरण्याऐवजी अढी बसली. पुढे अभयारण्य सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला होता. म्हणून नुसते कागदावर राखून भागत नाही. शेजारच्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, गायराने मोकळी राहिली, तरच काळवीट राहील. नाहीतर त्याचीही गत माळढोकाची होईल.

दुपारी राशीनला जगदंबेचे दर्शन घेतले. तिथल्या हलत्या दीपमाळा पाहून भाच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. तोलाचे गणित काय असेल यावर तो पुढचे दहा किलोमीटर बोलत होता. मग सिद्धटेक. अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा हा एकच गणपती. गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधला. त्यांचे जन्मगाव चौंडी इथून लांब नाही. दर्शन घेऊन आम्ही घाटावर बसलो. समोर भीमा संथ वाहत होती. खाली उजनीचा फुगवटा, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, समुद्रकाठच्या खारट दलदलीत राहणारे.

भाच्याला म्हटले, "तुला भीमाशंकर बघायचे होते ना? हे बघ." तो हसला. पण मी थट्टा करत नव्हतो. रायगडातल्या कर्जत तालुक्यात खांडस नावाचे गाव आहे. तिथून गणेश घाटाने नाहीतर शिडी घाटाने सह्याद्री चढला की माणूस भीमाशंकरच्या दाट रानात, शेकरूच्या राज्यात पोहोचतो. त्या डोंगराच्या पश्चिमेला पडलेले पाणी उल्हास नदीने अरबी समुद्राला जाते. पूर्वेला पडलेले भीमा होऊन आमच्या कर्जतला येते आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगराने ढग अडवून त्या कर्जतला धबधबे दिले आणि या कर्जतला माळ दिला, वर ही नदीही दिली. ते जंगल टिकले पाहिजे तसा हा माळही.

डोंगरात जाऊ नये असे मी म्हणत नाही. जरूर जावे. पण पावसाळ्यात साऱ्यांनी एकाच घाटात एकाच धबधब्याखाली उभे राहायचे, आणि मग प्रशासनाने बंदीहुकूम काढायचे, यात ना आपले सुख ना डोंगराचे. ज्याच्या त्याच्या गावाजवळ एखादा माळ, एखादे गायरान असतेच. एक रविवार त्याला द्यावा. जे आपण पाहिलेच नाही ते गेले तरी आपल्याला कळत नाही.

अंधार पडायच्या आत घरी पोहोचलो. पेट्रोलचा विषय भाच्याने काढला नाही. रात्री जेवताना तो बहिणीला म्हणाला, "आई, आपल्या गायरानात अजून हरणं येतात का गं?" तिने सांगितले, "माझ्या लहानपणी यायची." तो बराच वेळ काही बोलला नाही.

साडूंना मात्र मी यंदा स्वतःहून फोन करणार आहे. हुरड्याच्या दिवसांत या म्हणून.